डावपेच मागच्या टायरचे

आमच्या घराण्यात आजपर्यंत एकच माणूस शर्यतीत उतरला. तो मी. त्यानंतर घराण्याने तो विषय बंद केला.

तेव्हा आम्ही दिंडोशीला नुकते राहायला आलो होतो. कॉलनी नवी, इमारती नव्या, आणि रस्ते इतके रुंद नि रिकामे की आबा रोज गॅलरीत उभे राहून विचारायचे, "हे रस्ते कोणासाठी केल्यानी रे?" आबा म्हणजे माझे वडील. गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. अख्खं आयुष्य मुंबईत काढूनही मालवणीशिवाय दुसऱ्या भाषेत त्यांना रागावता येत नसे. आणि रागावणं हाच त्यांचा रिटायर झाल्यानंतरचा उद्योग असल्यामुळे आमच्या घरात मालवणी अखंड चालू असायची.

कॉलनीच्या मधोमध मोठं मैदान होतं आणि मैदानाभोवती गोल रस्ता. तो गोल रस्ता रिकामा पडलेला बघून आमच्या क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरींना एके दिवशी कल्पना सुचली, की जोडप्यांची स्कूटर शर्यत घ्यावी! नवऱ्याने चालवायची, बायकोने मागे बसायचं, मैदानाला वीस फेऱ्या मारायच्या. बायकोशिवाय मारलेली फेरी धरली जाणार नाही. (हा नियम मी सूचना फलकावर स्वतः वाचला होता. मोठ्याने वाचला होता. चार लोकांना समजावूनही सांगितला होता.)

आता एखाद्या साध्यासुध्या माणसाने काय केलं असतं? नाव दिलं असतं, त्या रविवारी स्कूटर पुसली असती, बायकोला मागे बसवलं असतं आणि वीस फेऱ्या मारून घरी येऊन जेवला असता. पण माझ्या हाती त्याच सुमाराला रद्दीच्या दुकानातून एक परदेशी मासिक लागलं होतं. मोटारींच्या शर्यतींचं! गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. त्यात एक लेख होता, टायर कसे झिजतात आणि शर्यतीच्या मध्येच थांबून ते कधी बदलावेत यावर. अर्धाच लेख होता. (उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी भजी बांधून नेली असावीत.) पण अर्ध्या लेखावर पूर्ण मत बनवण्याची सवय मला पहिल्यापासून आहे.

त्या रात्री जेवताना मी घरच्यांना शिकवायला बसलो.

"समजा, ही भाकरी म्हणजे टायर," मी म्हणालो.

"समाजलंय. मगे?" आबा म्हणाले.

"शर्यत सुरू झाली. टायर झिजायला लागला."

आबांनी भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला आणि तोंडात टाकला. "झिजलो," ते म्हणाले.

"टायर झिजला की गाडी हळू होते. मग काय करायचं? पिटमध्ये थांबायचं!"

"पिठात?" आबांचा घास तोंडातच राहिला. "खयच्या पिठात? तांदळाच्या?"

"पीठ नाही हो आबा, पिट! तिथे आपली माणसं उभी असतात. गाडी आली की झटकन टायर बदलतात. चहा ढवळायला लागतो तेवढ्या वेळात चारही टायर! गाडी पुन्हा वाऱ्यासारखी!"

माझी बायको सुनीता इतका वेळ गप्प होती. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचं गप्प बसणं सोयीचं आणि तोंड उघडणं धोक्याचं. आबांसमोर आणि चारचौघांत ती मला "अहो" म्हणते, एरवी "तू."

"अहो, आपला मागचा टायर गुळगुळीत झालाय, बरोबर?"

"बरोबर."

"आणि स्टेपनीचा टायर नवा कोरा आहे."

"कोराच! घेतल्यापासून लावलेला नाही!"

"मग तो आधीच लावा ना. शर्यतीत थांबायचं कशाला?"

मी हसलो. जाणकार माणूस अडाण्याकडे बघून हसतो तसा. "तीच तर गंमत आहे!"

"कसली गंमत?"

कसली ते मलाही माहीत नव्हतं. ते भज्यांच्या अर्ध्यात गेलं होतं. "त्याला डावपेच म्हणतात," मी म्हणालो आणि आमटी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी पास्कलला गाठलं. पास्कल आणि मी विक्रोळीच्या एकाच कारखान्यात कामाला. तो गोरेगावच्या जुन्या गावठाणातला, घरचं मराठी, घरची वांग्याची वाडी आणि हातात कायम एखादा पाना.

"अरे यार," तो म्हणाला, "वीस फेऱ्यांत काय झिजणार? टायर आहे की खोडरबर?"

"पास्कल, तुला यातलं शास्त्र माहीत नाही."

"तुला आहे?"

"अर्धं आहे."

पण मासिकातल्या चित्रात टायर बदलणाऱ्या माणसांनी घातलेले रंगीत डगले त्याने पाहिले आणि तो विरघळला. "डगला घालायला मिळणार असेल तर येतो." अशा रीतीने आमचं पथक तयार झालं. नट काढायला पास्कल, चाक द्यायला-घ्यायला आबा, मागे बसायला सुनीता आणि डोकं चालवायला मी!

मग सुरू झाली तालीम. रोज संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात मी स्कूटर घेऊन यायचो, करकचून ब्रेक मारायचो आणि ओरडायचो, "चला!" सुनीता उतरायची. आबा आणि पास्कल स्कूटर एका अंगावर कलती करायचे, पास्कल नट काढायचा, चाक ओढायचा, दुसरं बसवायचा. मासिकातल्या चित्रात चालक गाडीतून उतरत नाही, म्हणून मीही उतरायचो नाही. कलत्या स्कूटरवर तसाच बसून राहायचो. दुसऱ्या दिवशी आबा कण्हत म्हणाले, "दिल्या, स्कूटर जड नाय. तू जड आसस." पण मी डावपेचांशी तडजोड केली नाही.

आठवड्याभरात बिल्डिंगमधली मंडळी खुर्च्या घेऊन तालीम बघायला बसू लागली. पास्कलच्या बायकोने जुन्या पडद्याचे दोन डगले शिवून दिले. हिरव्या रंगावर पिवळी फुलं. आबांनी कोणत्याही परिस्थितीत तो घालणार नाही असं सांगितलं आणि मग घालून तीनदा आरशासमोर जाऊन आले. तालीम इतकी छान जमली, की आता यात आणखी सुधारणा करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

म्हणून शर्यतीच्या दिवशी सकाळी मी एक सुधारणा केली.

घाईगडबडीत चाकांची अदलाबदल होऊ नये म्हणून खडूने दोन्ही चाकांवर आकडे टाकले. लावलेल्या जुन्या चाकावर १ आणि नव्या चाकावर २. आबांना सांगितलं, "एक म्हणजे आधीचं, ते काढायचं. दोन म्हणजे नंतरचं, ते लावायचं." आबा म्हणाले, "तेवढा माका कळता." पास्कल पाना पुसत होता. त्याला सांगायचं राहून गेलं. पण एवढं सोपं माणसाला आपोआप कळतं, नाही का?

हिवाळ्यातला रविवार. मैदानाच्या एका टोकाला मंडळाचा मांडव, लाउडस्पीकर, सरबत. बरोबर समोरच्या टोकाला आमची बिल्डिंग आणि तिच्या फाटकाशी आमचं पिट. म्हणजे एक जाजम, त्यावर नवं चाक आणि फुलाफुलांच्या डगल्यातले दोन गृहस्थ. शर्यतीत आम्ही सोडून सात जोडपी होती. कोणाच्याही बाजूला जाजम नव्हतं. मला त्यांची कीव आली.

मी पास्कलच्या भावाचं हेल्मेट घातलं होतं. ते इतकं मोठं होतं की मी मान वळवली तरी ते समोरच बघत राहायचं. त्यातून बाहेरचं ऐकू येण्याचाही फारसा प्रश्न नव्हता. सुनीताला काही सांगायचं झालं की ती दारावर मारावी तशी त्याच्यावर टकटक करणार होती.

शिट्टी वाजली. दोन स्कूटरी सुरूच झाल्या नाहीत. त्या नवऱ्यांनी स्कूटर आडव्या पाडून किका मारायला सुरुवात केली आणि त्यांच्या बायकांनी नवऱ्यांना. तिसऱ्या जोडप्याचं पहिल्याच वळणावर भांडण झालं आणि ते तिथेच थांबून ते मिटवत बसले. उरलेल्यांना मी एकेक करून मागे टाकलं. पंधरावी फेरी संपली तेव्हा आमच्या पुढे कोणीच नव्हतं! मागे बऱ्याच अंतरावर शेजारच्या बिल्डिंगमधले गद्रेकाका आणि गद्रेकाकू. काका ज्या वेगाने रोज दूध आणायला जात त्याच वेगाने येत होते.

टकटक! "अहो! आपण पहिले आहोत!" सुनीता ओरडली. आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर प्रथमच, आपणहून, भर रस्त्यात, दिवसाउजेडी! माझी छाती फुगली. लांबून आमची बिल्डिंग दिसू लागली आणि मी वेग कमी केला.

टकटक! "काय झालं? पेट्रोल संपलं?"

"नाही. थांबायचंय. टायर!"

"टायरला काय झालं?"

"काही नाही!"

"मग?"

"ठरलंय!"

"अरे, तू पहिला आहेस! पहिला माणूस थांबतो का कुठे?" ('अहो'चं 'तू' झालं होतं. जाजमावरचे आबा दहा पावलांवर आले होते. यावरून परिस्थिती ओळखावी.)

मी करकचून ब्रेक मारला. "चला!"

आणि काय सांगू! घड्याळासारखं काम! स्कूटर कलती, नट बाहेर, चाक बाहेर, चाक आत, नट आत, स्कूटर सरळ! मला मासिकात आपलं चित्र दिसायला लागलं. सुनीता बसली आणि आम्ही सुटलो. तेवढ्यात गद्रेकाका पुढे निघून गेले होते. पण आता माझ्याकडे नवा टायर होता. काकांची काय टाप!

पुढच्या फेरीला पिटसमोरून जाताना पाहतो, तर आबा रस्त्याच्या कडेला उभे राहून दोन्ही हातांनी एक चाक डोक्यावर धरून नाचवतायत. माझा ऊर भरून आला. आबा आणि कौतुक! मीही हात हलवला.

टकटक! "ते टाटा नाही करत आहेत!"

"मग?"

"टायर दाखवतायत! नवा टायर त्यांच्या हातात आहे!"

"मग आपल्याला कुठला लावलाय?"

"तोच! जो काढला तोच!"

त्याच्या पुढच्या फेरीला वेग कमी केला, तेव्हा आबांचा आवाज हेल्मेट भेदून आत आला. "दिल्याऽऽ! ह्यो टायर हयच रवलो रेऽऽ!"

शेजारी पास्कल छातीवर हात मारून ओरडत होता, "तूच लिहिलं होतंस ना यार! एक नंबर म्हणजे चांगला! एक नंबर माल तोच लावणार ना मी!"

खरं म्हणजे इथे सगळं सावरण्यासारखं होतं. जुना टायर उत्तम धावत होता. गद्रेकाका नजरेच्या टप्प्यात होते. अजून अडीच फेऱ्या बाकी होत्या. सुनीताने हेच सगळं हेल्मेटवर टकटक करत मला सांगितलं. "आता थांबू नकोस! हाच टायर ठीक आहे! सरळ चल!"

"पण मग डावपेच अर्धवट राहतो!" मी म्हणालो. आणि पुढच्या फेरीला पुन्हा थांबलो.

या वेळी घड्याळ बिघडलं. आबा आणि पास्कल यांचं 'एक' या आकड्याच्या अर्थावरून जुंपलं होतं. त्या भरात पास्कलच्या हातून एक नट सुटला, टुणटुणत गेला आणि गटारात पडला. बघता बघता आमची अख्खी बिल्डिंग गटाराभोवती जमली. कोणी चुंबक आणा म्हणालं, कोणी झारा आणा म्हणालं. पहिल्या मजल्यावरून सूप आलं. मी अजूनही कलत्या स्कूटरवर बसून होतो, कारण चालक उतरत नाही! समोरच्या मांडवातून सेक्रेटरींचा आवाज साऱ्या कॉलनीत घुमत होता. "परब पुन्हा थांबलेले आहेत... परब अजून थांबलेले आहेत... परबांना काही मदत हवी असल्यास त्यांनी हात वर करावा..." एकेक स्कूटर आमच्या बाजूने जात होती. भांडण मिटवायला थांबलेलं जोडपं एकमेकांकडे बघून गोड हसत पुढे गेलं. किका मारणारे दोघेही गेले.

शेवटी सुनीताने पदर खोचला. "आबा, तुम्ही इकडून धरा. पास्कल, नट नसू दे एक, बाकीचे घट्ट करा. अहो, तुम्ही उतरा!"

"चालक उतरत ना..."

"उतरा!"

मी उतरलो. आणि आश्चर्य बघा, क्षणात चाक बसलं! नवं चाक! मी टुणकन सीटवर उडी मारली, किक मारली आणि बाणासारखा सुटलो. दीड फेरीच उरली होती, पण आता मला अडवणारं कोण होतं?

आणि काय फरक पडला म्हणून सांगू! स्कूटर जणू पिसासारखी हलकी! चढाला दम नाही, वळणाला झोक नाही! मी ओरडून सुनीताला म्हणालो, "बघितलंस? याला म्हणतात टायर!" ती काही बोलली नाही. मी झिजलेल्या टायरचं शास्त्र तिला पहिल्यापासून समजावून सांगितलं. तिने मध्ये एकही शंका काढली नाही. हेल्मेटवर टकटकसुद्धा नाही! लग्नानंतर पहिल्यांदाच ती माझं म्हणणं इतक्या शांतपणे ऐकून घेत होती. मी हळवा झालो. म्हणालो, "रागावलीस का गं? चुकलंच जरा माझं. पण शेवट कसा केला बघ!"

मांडवासमोरून गेलो तर माणसं खुर्च्यांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. काही तर पोट धरून खाली बसली होती. सेक्रेटरी माझ्याकडे बोट दाखवत लाउडस्पीकरवर काहीतरी सांगत होते. हेल्मेटात नुसतीच घरघर आली. मी सगळ्यांना नमस्कार केला. मग आमचं पिट आलं. तिथे जाजम होतं, माणसं नव्हती. काम फत्ते झालं म्हणून घरी गेली असतील, असं समजून मी शेवटची अर्धी फेरी पूर्ण केली आणि मांडवासमोर रेषा ओलांडली.

मांडवात पहिल्या रांगेत गद्रेकाकू बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी सुनीता बसली होती. हातात सरबताचा पेला. तिच्या शेजारी आबा, आणि डगल्यातला पास्कल जुनं चाक मांडीवर घेऊन.

सुनीताला तिथे बसलेली पाहिली, म्हणून मी मागे वळून बघितलं. सीटवर ती आहे की नाही, याची खात्री करायला!

"परब आलेले आहेत," सेक्रेटरींनी जाहीर केलं. "वहिनी मैदानातून चालत, त्यांच्या आधीच आलेल्या आहेत."

मी स्कूटर उभी केली आणि हेल्मेट काढलं. सुनीताने सरबत संपवलं, पेला खाली ठेवला आणि शाळेत उत्तर तपासताना काढते तो आवाज काढून विचारलं, "नव्या टायरचा फरक जाणवला का?"

"जाणवला," मी म्हणालो. खोटं कशाला बोला? "एकदम हलकी वाटली."

"तो टायर नव्हता. मी नव्हते."

आबा इतका वेळ दम धरून होते, ते फुटले. एवढे हसले की डगल्याचा बंद तुटला. सुनीतालाही मग आवरेना. ती हसली तसा माझा जीव भांड्यात पडला. घरी काय वाढून ठेवलंय या काळजीने तो मघापासून लटकलेला होता.

पहिला नंबर गद्रेकाकांचा आला. कोणता टायर वापरलात म्हणून मी त्यांना आस्थेने विचारलं. ते स्कूटरकडे वाकून बघायला लागले. "थांब हं," म्हणाले, "मी कधी पाहिलंच नाही बुवा." आमच्या शेवटच्या दीड फेऱ्या बाद झाल्या. तरी सेक्रेटरींनी आभाराच्या भाषणात परब कुटुंबाचा खास उल्लेख केला, की कार्यक्रमाला रंग यांच्यामुळे आला.

याचा परिणाम मात्र वेगळाच झाला. दुसऱ्या थांब्याला, मी उतरल्यावर, चाक किती चपळाईने बसलं ते साऱ्या कॉलनीने पाहिलं होतं. त्यामुळे कोणाची स्कूटर पंक्चर झाली, की तो ती थेट आमच्या दारात आणू लागला. आबा डगला चढवून खाली उतरत, सुनीता पाना घेऊन मागोमाग, आणि चहा होईपर्यंत चाक बदलून तयार! आबांना तर रागावायला फुरसत मिळेना.

एकदा भर दुपारी दाराची बेल वाजली. समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ घाम पुसत उभे होते. खाली त्यांची पंक्चर झालेली स्कूटर.

"आबा आहेत का?"

"नाहीत हो, बाजारात गेलेत."

"वहिनी?"

"शाळेत आहे. पण मी आहे ना! थांबा, आलोच पाना घेऊन."

त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि घाईघाईने जिना उतरू लागले.

"नको, नको! तुम्ही त्रास घेऊ नका," ते खालून ओरडले. "आम्ही मालाडपर्यंत ढकलत नेतो!"